बसून बघ म्हणणारा गौतमदादा

रोज आठ तास तुम्ही जे काही बनवता, ते शेवटी कुणाच्या घरी जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

लाजू नका, बहुतेकांना ते ठाऊक नसतं. पगाराची तारीख मात्र सगळ्यांना पाठ असते! हा प्रश्न माझा नाही. तो गौतम निकाळेचा आहे, आणि त्याने तो पहिल्यांदा विचारला तेव्हा कारखान्याच्या कँटीनमध्ये हशा पिकला होता. गौतम टूलरूममध्ये पितळेची छोटी बुश बनवायचा, म्हणजे मशीनचा दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी. एक दिवस तो साहेबांनाच विचारून बसला, "साहेब, हे बुश जातं कुठं?"

"डिस्पॅचला."

"आणि तिथून?"

"ट्रकमध्ये."

"आणि ट्रकमधून?"

"निकाळे, तुला काय करायचंय? लग्नाला जाणार आहेस का त्याच्या?"

तेव्हापासून टूलरूममध्ये त्याला विचारायचे, "काय गौतम, बुशचं लग्न ठरलं का?" तो हसायचा, पण प्रश्न काही त्याच्या डोक्यातून जायचा नाही.

सातपूरच्या कारखान्यांच्या पाठीमागे आमची वसाहत होती. पत्र्याची घरं, मधोमध सार्वजनिक नळ, टोकाला विहार. आमच्या घरापासून तिसरं घर निकाळ्यांचं. वडील वारलेले. आई कोंडाबाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, आणि एकुलता एक गौतम आयटीआय करून पोरवयातच पर्मनंट झालेला. 'पर्मनंट' हा शब्द त्या दिवसांत आमच्याकडे पदवीसारखा नावाला जोडायचे. "निकाळ्यांचा गौतम, पर्मनंट." एवढं म्हटलं की नाशिकरोडपासून मनमाडपर्यंतच्या मुलींचे बाप चहाला यायचे.

गौतम बुटका, रुंद खांद्यांचा. खिशात कायम स्टीलची पट्टी आणि एक छोटा पान्हा. त्याला ढिलं काही सहन व्हायचं नाही. कुणाच्या घरी गेला की नमस्काराच्या आधी दाराची बिजागरी हलवून बघायचा. माझी आई त्याला येताना पाहिलं की डुगडुगत्या दांड्याची कढई लपवायची, नाहीतर हा भाजीसकट ती उलटी करून स्क्रू आवळायला बसायचा. टूलरूमच्या लोकांचा धर्मच तो. दोन भागांमध्ये केसाएवढी ढिलाई राहिली तर तिला ते 'प्ले' म्हणायचे, आणि ज्याच्या कामात प्ले निघाला त्याला दिवसभर तोंड वर काढता यायचं नाही.

माझे वडील पत्रकं वाटणारे. कामगारांची, विद्यार्थ्यांची, दुष्काळाची, पाणीप्रश्नाची. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली, आणि कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच लिहू लागले. गौतमदादा मला 'पत्रकवाले' म्हणायचा. माझं पत्रक पूर्ण वाचायचा, परत द्यायचा आणि म्हणायचा, "पत्रकवाले, किती ही उद्गारचिन्हं! कारखान्याचा भोंगासुद्धा इतक्यांदा वाजत नाही गं." मला राग यायचा. उद्गारचिन्हं मी अजूनही वापरते, हे तुम्ही पाहताच आहात.

मग ते कॅलिपर आलं.

पोलिओ झालेल्या पायाला आधार द्यायला लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा सांगाडा बांधतात, ते कॅलिपर. आमच्या भागात ते बनत नसे, मुंबईहून यायचं. एका डॉक्टरांनी आपल्या पेशंटचं मोडलेलं कॅलिपर ओळखीने साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी ते गौतमच्या टेबलावर टाकलं, "जेवणाच्या सुट्टीत जोडून दे. फुकटचं काम आहे." गौतमने ते जोडलं, आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, हट्टाने स्वतःच द्यायला गेला. पेशंट पंचवटीतला शिंपी होता. त्याने पट्टे बांधले, उठला, दुकानातून रस्त्यावर गेला आणि समोरच्या टपरीवरून दोन कप चहा स्वतः घेऊन आला.

गौतम संध्याकाळी नळावर सगळ्यांना सांगत सुटला. "चहा सांडला नाही! पत्रकवाले, ऐकतेस का? दोन्ही हातांत कप आणि सांडला नाही!" मी इतका पेटलेला माणूस मोर्चातसुद्धा पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बनवलेली वस्तू कुठे जाते ते त्याने पाहिलं होतं.

त्यानंतर त्याला रस्त्यात माणसं दिसेनात, पाय दिसू लागले. सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर, तो लोकांच्या मागे मागे चालायचा, त्यांची चाल न्याहाळत. एकदा एका लंगडणाऱ्या बाईच्या मागे चालला आणि तिच्या भावाने कानाखाली वाजवली. गाल चोळत गौतम त्या भावाला म्हणाला, "बरोबर केलं तुम्ही. पण ताईंची एक टाच उंच करून घ्या. कंबर दुखायची थांबेल." त्याच भावाने मग त्याला उसाचा रस पाजला.

एकोणऐंशीच्या एप्रिलात, जयंतीची मिरवणूक होऊन गेल्यावर, गौतम पेढ्यांचा खोका घेऊन घरी आला.

वसाहतीत पेढ्यांचा अर्थ पक्का होता. मुलगा झाला, पास झाला, पर्मनंट झाला किंवा बढती मिळाली. पाचवा अर्थ नव्हता. कोंडाबाईंनी खोका पाहिला, डोक्यावर पदर घेतला आणि काही न विचारता घरोघर निघाल्या. "गौतम फोरमन झाला. घ्या, तोंड गोड करा." लोक गौतमच्या पाठीवर थापा मारत होते आणि तो आईला गाठायला मागे मागे पळत होता. "आई, थांब. आई, ऐक तरी." गल्लीच्या टोकाशी, विहारापाशी त्याने तिला गाठलं.

"आई, मी नोकरी सोडली. त्याचे पेढे आहेत."

कोंडाबाईंच्या हातात शेवटचा पेढा होता.

"पेढे परत मागून आण," त्या म्हणाल्या.

"लोकांनी खाल्ले, आई."

"मग सांग त्यांना, वका म्हणावं!"

त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. साहेब शहाणा माणूस होता. त्याने निरोप धाडला की राजीनामा मी पुढे सरकवलेला नाही. दसऱ्याला टूलरूममध्ये मशीनची पूजा असते. त्या दिवसापर्यंत गौतमसाठी योजलेली फोरमनची जागा रिकामी ठेवतो, मग दुसरा बघेन. कोंडाबाईंनी भिंतीकडे तोंड करून गौतमला ऐकवलं, "दसऱ्यापर्यंत काय नाचायचं ते नाच. या घरात मला दिसेल असं काही उभं राहिलं नाही, तर दसऱ्याला तुझा हात धरून मी स्वतः त्या साहेबाकडे नेऊन बसवीन."

गौतम म्हणाला, "कबूल."

एका स्कूटर गॅरेजच्या मागची शेड त्याने भाड्याने घेतली. एक व्हाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, कानशी, एक छोटी लोहारभट्टी. आणि डॉक्टरांनी धाडलेली पहिली पेशंट आली ती मंगल. चांदवडकडच्या कांद्याच्या गावातली, विशीच्या आतबाहेरची, एक पाय लहानपणीच लुळा पडलेला. चुलत्याच्या पाठीवर बसून शेडमध्ये आली आणि आल्या आल्या म्हणाली, "तात्या, उतरव आता. मी काय कांद्याची गोण हाय का?"

गौतमने तिच्यासाठी कॅलिपर बनवलं. काय बनवलं होतं! टूलरूममधले त्याचे दोस्त शनिवारी येऊन बघून गेले. मुंबईच्या कॅलिपरला गुडघ्यापाशी एक खटका असतो. तो उचलला की गुडघा वाकतो, खाली पाडला की पाय सरळ राहतो. तो खटका खुळखुळतो, त्यात प्ले असतो. गौतमला तो बघवेना. त्याने खटकाच काढून टाकला! वरपासून खालपर्यंत अखंड पट्टी, घासून आरशासारखी केलेली. दोस्तांनी ती पट्टी आळीपाळीने आपल्या पायाला लावून, उभं राहून पाहिली. एकालाही त्यात प्ले सापडला नाही, इतकं ते काम देखणं होतं.

मंगल चालली. आधी कुबडीने, मग भिंत धरून, मग नुसतीच. गॅरेजवाल्याने टाळ्या वाजवल्या. तात्या तोंड फिरवून डोळे पुसत होता. मी घरी धावत जाऊन एक पत्रक लिहून काढलं, त्यातल्या उद्गारचिन्हांची तुम्ही कल्पना करा!

आठवड्याभरात मंगल परत आली ती भांडायलाच.

"दादा, तू मला खांब केलंस."

"म्हणजे?"

"म्हंजे बसता येत नाय! आमच्याकडं सगळ्या बाया खाली बसून कांदा निवडत्यात. मी उभी. मुकादम म्हनतो, तू काय आमच्यावर देखरेख करायला आलीस का? घरात समदे जेवायला बसले की मी उभी. एसटीत पाय मधल्या वाटंत, आन् कंडक्टर त्यावर अडखळून मलाच शिव्या देतो. सकाळचं शेताकडं कसं जायचं ते तर तुला सांगायची पन सोय नाय. आदी मला कुनीतरी उचलून बसवायचं. आता उचलून बसवाय बी येत नाय!"

टूलरूममध्ये माणूस सकाळपासून भोंगा होईपर्यंत मशीनसमोर उभा असतो. त्या सगळ्या हुशार कारागिरांनी ते कॅलिपर उभं राहून तपासलं होतं. बसून कुणीच बघितलं नव्हतं. जिथे शाळा, जेवण, काम, प्रार्थना सगळं जमिनीवर बसून चालतं, तिथे आमच्या वसाहतीतल्या, सतरंजीवर वाढलेल्या पोराने न बसणारा पाय बनवला होता!

पुढचे दिवस मी विसरणार नाही. मंगल परत गेली नाही. "पाय नीट होईस्तोवर हितंच ऱ्हाते," म्हणाली आणि निकाळ्यांच्याच घरी राहिली. कोंडाबाई मुलाशी बोलत नसत, पण मंगलशी बोलत. जेवताना संवाद असा चालायचा:

"मंगल, त्याला विचार, भाकरी हवी का."

"दादा, भाकर?"

"अर्धी."

"अर्धी म्हनतो, मावशी."

"त्याला सांग, अर्धीच मिळणार होती. नोकरी अर्धीच केली ना."

शेडमध्ये खटक्यावर खटके चालले होते. गौतमने केलेला प्रत्येक खटका घड्याळासारखा घट्ट बसायचा. शेडमध्ये छान चालायचा आणि बाहेर धुळीतून एक चक्कर मारली की अडकायचा. मंगल मुद्दाम वाफ्यातली माती आणून त्यात ओतायची. अडकला की म्हणायची, "झालं. पुन्हा खांब."

"तो ढिला केला तर वाजेल गं," गौतम कळवळून म्हणायचा.

"वाजू दे की! बैलाच्या गळ्यात घुंगरू वाजतं, त्यानं कुनाच्या पोटात दुखतं व्हय?"

शेवटी, पावसाळा सरता सरता, त्याने कानस उचलली आणि स्वतःच्या हाताने त्या खटक्यात ढिलाई केली. मी तिथे होते. तो इतका हिरमुसला होता की जणू कुणाचं बोट कापत होता. एकदा घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. मंगलने माती ओतली. खटका खुळखुळला, उचलला गेला, पाय वाकला. पुन्हा ओतली. पुन्हा वाकला. मंगलने त्याच्या हातातून कानस काढून घेतली, "आता दुसऱ्या बाजूचा मी करते. तुज्यानं दिवाळी उजाडंल." त्या दिवसापासून कानस तिच्याच हातात राहिली.

आणि 'बसून बघ' हे त्या दिवसापासून गौतमचं पालुपद झालं. कॅलिपर दिलं की "बसून बघ." कुणी नवी सायकल दाखवली, "बसून बघ." मी माझं पत्रक वाचून दाखवलं तरी म्हणायचा, "ज्यांच्यासाठी लिहिलंस ना, त्यांच्यात जाऊन बसून बघ."

दसरा आला. कारखान्यात मशीनला झेंडूच्या माळा, आमच्या वसाहतीत धम्मचक्र दिन. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, विहारापुढच्या मैदानावर सतरंज्या. पूजा आटोपून साहेब स्कूटरवरून सरळ वसाहतीतच आला, उत्तर घ्यायला. गौतमचा चेहरा पडलेला. शेड उभी होती, पण घरात दाखवण्याजोगं आईच्या हातावर काही पडलं नव्हतं. कोंडाबाईंनी साहेबाला जयभीम घातला आणि म्हणाल्या, "वंदना होऊ द्या. मग बोलू."

सगळे बसायला लागले. मंगल आदल्या रात्रीच पुरं झालेलं कॅलिपर घालून, कोंडाबाईंची पांढरी साडी नेसून आली होती. बायांनी नेहमीप्रमाणे तिच्यासाठी भिंतीपाशी जागा केली, टेकून उभं राहायला. ती तिथे गेलीच नाही. बायांच्या रांगेत मधोमध आली, साडीवरून खटका उचलला, खट्ट असा आवाज झाला, आणि ती खाली बसली. कुणाचा हात न धरता! कोंडाबाईंच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. वंदना झाली तशी स्वतःची स्वतः उठली. पुन्हा खट्ट. मागच्या रांगेतली कुणीतरी म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, बसली की गं पोरगी!"

साहेब कोंडाबाईंना म्हणाला, "आई, आता तुम्हीच सांगा त्याला. हुशार मुलगा आहे. इकडे किती दिवस काढणार? तिकडे आयुष्य मार्गी लागेल."

गौतम जमिनीकडे बघत होता. कबूल म्हणाला होता तो, आणि आई म्हणाली असती तर निमूट गेला असता, हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगते.

कोंडाबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे तो काय बनवत होता ते मला कधी दिसलं नाही. हे माझ्या मांडीशी येऊन बसलं." मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मुलाकडे थेट पाहिलं. "पण तू ऐक रे शहाण्या. फुकट काही करायचं नाही. ज्याला जे जमेल ते घ्यायचं, पण घ्यायचं. फुकट दिलेला पाय लोकांना भीक वाटते. आणि भाकरी पुरली नाही तर रडत माझ्याकडे यायचं नाही."

"येणार नाही, आई."

"ये. पण रडत नको."

साहेब हसला. "म्हणजे मला दुसरा फोरमन बघायला लागणार," म्हणाला आणि सतरंजीवर बसून वाटीभर खीर खाऊन गेला.

आता कुणी म्हणेल, वा, त्याग! थांबा. गरिबीचं कौतुक करणारी पत्रकं मी लिहीत नाही. कोंडाबाईंच्या विड्या सुटल्या नाहीत. पत्रा गळायचा. चहाला येणारे मुलींचे बाप यायचे थांबले. गौतमचे टूलरूमचे दोस्त स्कूटरवर फिरू लागले तेव्हा हा सायकलला ठिगळं लावत होता, आणि त्याला स्कूटर आवडायची. खूप आवडायची! गॅरेजमधल्या प्रत्येक नव्या स्कूटरवरून तो हात फिरवायचा. म्हणूनच त्याचं मोल मला वाटतं. ज्याला काही नकोच असतं त्याने सोडलं काय आणि नाही काय!

ऐंशीनंतर अंबडला नवे कारखाने उभे राहिले आणि नोकऱ्या वाढल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षांत शेडकडे येणारी तरुण पोरंही वाढली. एक डिप्लोमावाला अंबडची नोकरी सोडून आला, कडक इस्त्रीची पँट, आणि दारातच म्हणाला, "मला समाजसेवा करायची आहे."

गौतम न वळताच म्हणाला, "सेवा बाहेर ठेव, चपलांशेजारी. आत येऊन कानस घे."

मंगलने त्याला घासायला पहिली पट्टी दिली आणि घासून झाल्यावर तपासून फेकून दिली. "परत कर. ह्यात कुनाचा पाय जानार हाय, तुज्या मामाचं टेबल नाय हे." तो पोरगा आठवडाभर पट्ट्या घासत होता. मग एका शनिवारी निफाडचा एक म्हातारा आला, त्याचं कॅलिपर बांधायला याला बसवलं. म्हातारा उठून चालत दारापर्यंत गेला आणि हा डिप्लोमावाला बाहेर जाऊन सायकलच्या कॅरिअरवर डोकं ठेवून रडला. तो राहिला. सगळे राहिले नाहीत. गौतम जाणाऱ्याला कधी टोचून बोलला नाही. "घरचं बघ आधी," म्हणायचा, "हात शिकलाय, तो कुठं जात नाही."

त्याला मी शेवटचं पाहिलं ते सीबीएसवर, सुरगाण्याच्या गाडीत बसताना. डोंगरातली माणसं नाशिकपर्यंत येऊ शकत नव्हती. पाठीवर बसून यायचं तर वाट फार, आणि पाठी थकलेल्या. तेव्हा गौतमने ठरवलं, आपणच तिकडे जायचं. शेड मंगलच्या हवाली केली. आता तिथे पेशंटवर तीच डाफरते. आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. टपावर लोखंडी पट्ट्यांचे भारे चढवले आणि कंडक्टरशी भांडण जुंपलं. कोंडाबाई कंडक्टरला म्हणत होत्या, "पोरगं फुकट नेताय का? मग लोखंडाचं काय एवढं?" व्हाइस तेवढा त्याने टपावर ठेवू दिला नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून तो मांडीवर घेतला आणि खिडकीपाशी बसला.

मला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. मी वहीसुद्धा काढली होती! गाडी सुरू झाली, फलाटावरून मागे सरली, वळली. खिडकी आमच्यासमोरून गेली तेव्हा गौतमदादा गाढ झोपला होता. तोंड उघडं, मान कलंडलेली, दोन्ही हात त्या लुगड्याच्या गाठोड्यावर. तिशीतला माणूस, पण चेहरा अशा पोराचा, की ज्याला सकाळी कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक आहे.

तर वाचकहो, एक मागणं आहे, आणि ते पैशांचं नाही. शनिवारी सातपूर-अंबडचे कारखाने बंद असतात. गॅरेजमागच्या शेडचं दार त्या दिवशी उघडं असतं. ज्यांना कानस धरता येते त्यांनी या. ज्यांना येत नाही त्यांनीही या, मंगल शिकवेल, शिव्या देत शिकवेल. आणि येणं जमणारच नसेल, तर तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात असं एक घर असेल जिथलं एक माणूस वर्षानुवर्षं दाराबाहेर आलेलं नाही. तुम्हाला ते घर माहीत आहे. या शनिवारी तिथे जा, दार वाजवा, आणि त्या माणसालाच विचारा, तुला कुठं जायचंय? तो जे सांगेल ते आम्हाला येऊन सांगा. त्याचा पाय आम्ही बनवू. तुम्ही तेवढं दार वाजवा.